सुटे भाग पारखण्यासाठीं दुसरा संगणक

घरांत चालता संगणक असतां आणखी एक जुना संगणक केवळ सुटे भाग पारखण्यासाठीं बाळगावा काय, असें एका माजी विद्यार्थ्यानें मला विचारलें. उत्तर मला अनुभवानें, आणि निम्में तरी चुकीनें, मिळालेलें आहे.

एका पावसाळ्यांत पनवेलच्या आमच्या घरचा संगणक एकाएकीं मूक झाला. पंखा फिरे, दिवा लागे. पडद्यावर अक्षर उमटेना. त्याच्या हार्ड डिस्कमध्यें माझ्या दिवंगत पत्नीचीं छायाचित्रें होतीं. एका दुकानदारानें मदरबोर्ड गेल्याचें सांगून टाकलें. माळ्यावर त्याच पिढीचा जुना संगणक पडून होता. तो चालतो अशी खात्री करून मीं त्यांत बिघडलेल्या संगणकाची रॅमची पट्टी घातली, तोही मूक! उलट त्याची पट्टी आमच्या संगणकांत घातली, तों पडदा उजळला. दोष पट्टींत होता. आमची हवा खाडीकडची, दमट. पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ धरला होता. मास्तराच्या घरीं खोडरबराला काय तोटा? हलक्या हातानें पुसतांच काम झालें.

यांतील मर्म बीजगणिताचें आहे. एका समीकरणांत अज्ञात एकच असेल तर उत्तर निघतें. दोन असतील तर नाहीं. पारखणारें यंत्रच संशयित असेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्ष व्यर्थ होय.

या यशानें मी फुगलों. पुढें एस.एम.पी.एस., म्हणजे संगणकास वीज पुरविणारी पेटी, बिघडल्याचा संशय आला. तीही मीं जुन्या संगणकास जोडली. जळका वास आला आणि निरोगी मदरबोर्ड कायमचा गेला. संशयित पेटी चांगल्या यंत्रास कधींही जोडूं नये. पिवळ्या तारेवर 12, तांबड्यावर 5 आणि नारिंगीवर 3.3 व्होल्ट मिळतात काय, हें जाणत्याकडून मोजून घ्यावें. पांच टक्क्यांहून अधिक फरक असल्यास पेटी बाद समजावी. ती उघडण्याच्या भरीस पडूं नये. वीज काढल्यावरही आंत भार उरतो.

दुसरी अडचण पिढीची. डीडीआर-3 रॅम 2007 सालीं आली, डीडीआर-4 2014 सालीं. दोहोंच्या खांचा वेगळ्या, एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. प्रोसेसरचीं बैठकेंही अशींच बदलतात. सुदैवानें साटा जोडणीची हार्ड डिस्क जुन्या-नव्या दोहोंस चालते, आणि घरगुती माणसाचें खरें धन तिच्यांतच असतें. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र या साऱ्या खटाटोपाचा उपयोग थोडा.

तेव्हां माझें मत असें कीं, केवळ पारखीसाठीं संगणक विकत घेऊं नये. घरांत त्याच पिढीचा असेल तर ठेवावा, आणि पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां तरी चालवावा. नसेल तर एक चांगली पेटी, रॅमची एक पट्टी आणि सीआर-2032 ची नाण्याएवढी बॅटरी कपाटांत पुरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हें सारें मिळतें. पण पनवेलहून जाऊन येण्यांत दिवस मोडतो, आणि यंत्र बहुधा नड असेल त्याच दिवशीं बिघडतें. ज्या शाळेंत एकाच जातीचीं दहा यंत्रें आहेत, तेथें शेजारचें यंत्र हीच पारख.

माझ्या जळलेल्या संगणकाची डिस्क आणि पंखा काढून घेऊन उरलेला सांगाडा मीं ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन केला. छायाचित्रांची एक प्रत आतां पुण्यास मुलीकडे आहे.