स्प्रेडशीटमधील दिनांक-प्रदर्शन

स्प्रेडशीटमधील दिनांक-प्रदर्शन म्हणजे एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क यांसारख्या आज्ञावलींत साठवलेला दिनांक पडद्यावर ज्या रूपात दिसतो ती पद्धत. दिनांक चुकीचा दिसणे आणि चुकीचा साठवला जाणे हे दोन वेगळे दोष आहेत. पहिला दोष मांडणी बदलून दूर होतो. दुसऱ्यात मूळ माहितीच बदललेली असते.

साठवण

एक्सेल दिनांक क्रमांकाच्या रूपात साठवते. विंडोजवरील नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० चा क्रमांक १ असतो. त्यानुसार हैदराबाद मुक्तीचा दिवस, १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे १७७९३. तर नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस, १७ सप्टेंबर १९९४, म्हणजे ३४५९४. दोहोंची वजाबाकी १६८०१ ही त्यांमधील दिवसांची संख्या होय. दिनांकाऐवजी असा पाच अंकी क्रमांक दिसत असल्यास सेलची मांडणी ‘दिनांक’ अशी निवडणे पुरेसे असते. रकाना अरुंद असल्यास दिनांकाच्या जागी ##### ही चिन्हे दिसतात. रकाना रुंद केल्यावर ती जातात.

याउलट, दिनांक-मांडणीच्या सेलमध्ये केवळ ‘१९४८’ हे वर्ष लिहिल्यास तो क्रमांक समजला जाऊन १ मे १९०५ हा दिनांक दिसतो. केवळ वर्ष नोंदवायचे असल्यास रकान्याची मांडणी ‘संख्या’ किंवा ‘सर्वसाधारण’ ठेवावी लागते.

दिवस आणि महिना यांची अदलाबदल

भारतात दिवस-महिना-वर्ष हा क्रम रूढ आहे, तर अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष हा. संगणकाची प्रादेशिक रचना अमेरिकी असल्यास ०१-०५-१९६० (महाराष्ट्र राज्याची स्थापना) ही नोंद ५ जानेवारी १९६० अशी साठवली जाते. १७-०९-१९४८ ही नोंद मात्र सतरावा महिना नसल्यामुळे मजकूर म्हणून तशीच राहते. त्यामुळे एकाच रकान्यात काही नोंदी अदलाबदल झालेल्या, तर काही मजकूररूप असतात. संरेखन बदललेले नसल्यास मजकूर सेलच्या डावीकडे आणि दिनांक उजवीकडे दिसतो. उजवीकडील नोंदी बरोबर भासतात. म्हणून त्याच अधिक धोक्याच्या असतात. जन्मतारखांच्या यादीत असे घडल्यास वय, प्रवेशाची पात्रता आणि निवृत्तीचा महिना चुकू शकतो.

दुरुस्ती

मूळ फाइल उपलब्ध असल्यास ती पुन्हा आयात करून त्या वेळी दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडणे हा सर्वांत सुरक्षित उपाय होय. मजकूररूप नोंदींसाठी एक्सेलमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ या सुविधेत हाच क्रम निवडता येतो. अदलाबदल झालेल्या नोंदींसाठी ‘डेट’ फलनात दिवस व महिना यांच्या जागा बदलून नवा रकाना तयार करतात. मात्र दोन्ही अंक १२ किंवा त्याहून कमी असल्यास कोणता क्रम खरा हे तक्त्यावरून ठरत नाही. मूळ कागद पाहावा लागतो. दोन अंकी वर्ष टाळणे इष्ट, कारण एक्सेलच्या प्रचलित नियमानुसार ०० ते २९ हे अंक २००० ते २०२९ असे वाचले जातात. १९२८ चा जन्म ‘२८’ असा लिहिल्यास २०२८ होतो.

जुनी कागदपत्रे

एक्सेल १९०० पूर्वीचे दिनांक मजकूर म्हणूनच ठेवते. नांदेड व लातूर हे भाग हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुन्या महसुली कागदांत फसली सनही आढळतो. फसली १३५७ हे वर्ष इ.स. १९४७-४८ शी जुळते. दिनांक-मांडणीच्या सेलमध्ये ‘१३५७’ लिहिल्यास १८ सप्टेंबर १९०३ दिसतो. त्यामुळे अशा नोंदींसाठी मूळ सन मजकूररूपात एका रकान्यात आणि रूपांतरित इसवी दिनांक दुसऱ्या रकान्यात ठेवणे सोयीचे ठरते. रूपांतर चुकले तरी मूळ नोंद शाबूत राहते.