साइड मिररमध्ये स्वतःचीच गाडी दिसतेय? मग बाजूची बाईक दिसणार कशी?

अमरावती-अकोला हायवे आठवतोय ना? जून 2022 मध्ये इथं एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग पूर्ण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर 80 चा स्पीड सहज येतो. म्हणजे सेकंदाला 22 मीटर!

मग मूर्तिजापूरजवळ लेन बदलताना डावीकडे अचानक बाईक 'उगवते'. खरं तर ती आधीपासून तिथंच असते, फक्त ब्लाइंड स्पॉटमध्ये.

बरेच जण साइड मिरर असा लावतात की त्यात आपल्याच गाडीची बाजू दिसते. ती कुठं पळून जाणार आहे? आणि सरळ मागचं तर आतला आरसा दाखवतोच.

अमेरिकन इंजिनिअर जॉर्ज प्लॅट्झर यांनी 1995 मध्ये यावर उपाय मांडला. गाडी उभी असताना डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा मिरर बाहेर वळवा, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका. मग गाडीच्या मध्यभागी झुकून डावा मिरर तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसणार नाही. सुरुवातीला विचित्र वाटेल, पण सवय होते.

बरोबर लागलाय का? ओव्हरटेक करणारी गाडी आतल्या आरशातून जाता जाता साइड मिररमध्ये यायला हवी. तरी लेन बदलण्याआधी मान वळवून बघाच. साइड मिरर बहिर्गोल असेल तर बाईक दिसते त्यापेक्षा जवळ असते.

आणि तुम्ही बाईकवर असाल तर? ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तिथं रेंगाळू नका.