आडनाव झाले आजाराचे नाव

मुलांनो, डिझेलवर चालणारी एस.टी. तुम्ही पाहिली असेल. ‘डिझेल’ हे मुळात एका जर्मन अभियंत्याचे आडनाव आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? असेच आणखी एक जर्मन आडनाव आज जगभरातील दवाखान्यांत ऐकू येते. ते म्हणजे ‘अल्झायमर’. हे एका आजाराचे नाव आहे. ते कसे पडले, ते आपण पाहू.

आलोइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली जर्मनीत झाला. ते डॉक्टर झाले आणि फ्रँकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात काम करू लागले. १९०१ साली तेथे आउगुस्टे नावाच्या बाई दाखल झाल्या. त्यांचे वय होते अवघे ५१ वर्षे. डॉक्टरांनी त्यांना नाव विचारले. त्या म्हणाल्या, “आउगुस्टे.” आडनाव विचारले, तरी उत्तर तेच. पतीचे नाव विचारले, तेव्हाही त्यांनी तेच नाव सांगितले.

म्हातारपणी माणसाला विसर पडतो, असे लोक मानत. आपल्याकडेही ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. पण आउगुस्टेबाईंची साठी तर दूरच होती! मग त्या इतके का विसरत होत्या? अल्झायमर यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. त्यांनी बाईंची उत्तरे नीट लिहून ठेवली.

पुढे अल्झायमर म्युनिक शहरी गेले. १९०६ साली आउगुस्टेबाई वारल्या. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू तपासण्यासाठी मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकातून पाहताच कारण दिसले. मेंदूतील पुष्कळ पेशी नष्ट झाल्या होत्या. काही पेशींत बारीक धाग्यांचा गुंता झाला होता आणि पेशींच्या बाहेर लहान लहान गोळे साचले होते. म्हणजे विसरणे हा बाईंचा दोष नव्हता. तो मेंदूचा आजार होता.

त्याच वर्षी अल्झायमर यांनी ट्युबिंगन येथे डॉक्टरांच्या सभेत ही माहिती सांगितली. कोणी एक प्रश्नही विचारला नाही! पण त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांना तिचे महत्त्व कळले. १९१० साली त्यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला ‘अल्झायमरचा आजार’ असे नाव दिले.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. दरवर्षी २१ सप्टेंबर हा ‘जागतिक अल्झायमर दिन’ म्हणून पाळतात.

प्रत्येक विसर म्हणजे हा आजार नव्हे. पण घरातील आजी किंवा आजोबा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, तर हसू नका, चिडू नका. शांतपणे पुन्हा उत्तर द्या. आईवडिलांना सांगा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लावा.