रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स : अलंकार नव्हे, वैद्यकीय उपकरण

महाकोशलचे केंद्र असलेल्या जबलपूर शहरात शिक्षणासाठी व स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने तरुण येतात. लग्नसराई, नवरात्रातील गरबा आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलने यांच्या निमित्ताने डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचे आकर्षण देशातील इतर शहरांप्रमाणे येथेही वाढले आहे. पूर्वी केवळ चष्म्याच्या दुकानात मिळणारी ही वस्तू आता सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत, ब्यूटी पार्लरमध्ये आणि ऑनलाइन बाजारपेठेतही उपलब्ध होते. त्यामुळे तिच्याकडे बांगड्या किंवा टिकलीप्रमाणे पाहिले जाते. प्रत्यक्षात ही लेन्स डोळ्याच्या जिवंत पेशींना चिकटून राहणारे वैद्यकीय उपकरण आहे. कायद्यानेही तिला तेच स्थान दिले आहे.

पारपटलाचे महत्त्व

डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पडद्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. पारदर्शकता टिकावी म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. डोळा उघडा असताना लागणारा प्राणवायू पारपटल प्रामुख्याने हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेते. लेन्स बसविली की हवा आणि पारपटल यांच्यामध्ये एक अडसर निर्माण होतो. लेन्स जितकी जाड आणि कमी प्राणवायू पार करणारी, तितका पारपटलावरील ताण अधिक.

मऊ लेन्सचा पाया झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी घातला. १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून तयार केलेल्या यंत्रावर त्यांनी पाणी शोषणाऱ्या हायड्रोजेलच्या लेन्स घडविल्या. प्राणवायू अधिक प्रमाणात पार करणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. रंगीत लेन्समध्ये मात्र रंगद्रव्याच्या थराचीही भर पडते. चांगल्या उत्पादनात हा थर लेन्सच्या द्रव्यात बंदिस्त असतो. निकृष्ट उत्पादनात तो पृष्ठभागावर राहिल्यास खडबडीतपणा निर्माण होतो. अशा पृष्ठभागाला जिवाणू सहज चिकटतात आणि पारपटलाचे सूक्ष्म आवरण खरवडले जाते.

धोक्याचे स्वरूप

खरवडलेल्या पारपटलात स्युडोमोनाससारखे जिवाणू शिरल्यास एक-दोन दिवसांतही गंभीर व्रण होऊ शकतो. व्रण बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहतो. त्यालाच बोलीभाषेत डोळ्यात फूल पडणे असे म्हणतात. हा डाग दृष्टीच्या मार्गात आल्यास अनेकदा पारपटल प्रत्यारोपण हाच पर्याय उरतो आणि त्यासाठी नेत्रदात्याची वाट पाहावी लागते.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६-०७ च्या सर्वेक्षणात ते १ टक्का होते. पन्नाशीनंतरच्या अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू आहे. पन्नाशीच्या आतील वयोगटात मात्र खुपरीव्यतिरिक्त अन्य कारणांनी आलेली पारपटलाची अपारदर्शकता ही ३७.५ टक्के अंधत्वास कारणीभूत ठरली. यामागे इजा, संसर्ग, कुपोषण अशी अनेक कारणे आहेत आणि लेन्सचा वाटा त्यांत वेगळा मोजलेला नाही. तथापि, तरुण वयात दृष्टी हिरावून घेणाऱ्या या कारणात टाळता येण्याजोगी भर घालणे परवडणारे नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये सुरुवातीला मोजकीच उपकरणे नियंत्रणाखाली होती. ऑक्टोबर २००५ च्या अधिसूचनेत डोळ्याच्या आत बसविण्यात येणाऱ्या भिंगांचा समावेश झाला. पुढे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या संज्ञेत आणली. या नियमांत धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग केलेले आहेत. अ व ब वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि क व ड वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धती लागू झाली. आयातीचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून दिला जातो. २०२२ मधील दुरुस्तीने विक्रेत्यांसाठीही नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद झाली.

अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून नंबर नसलेल्या शोभेच्या लेन्सही वैद्यकीय उपकरणांत समाविष्ट केल्या. तेथे कोणतीही कॉन्टॅक्ट लेन्स विकत घेण्यासाठी वैध चिठ्ठी लागते. शोभेची लेन्स आणि नंबरची लेन्स यांचा डोळ्यावरील परिणाम वेगळा नसतो, हाच यामागील विचार आहे.

खरेदी करताना

नंबर नसला तरी नेत्रतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टकडून तपासणी आवश्यक आहे. पारपटलाची वक्रता प्रत्येकाची वेगळी असते. लेन्सची वक्रता व व्यास तिच्याशी जुळला पाहिजे. घट्ट लेन्स अश्रूंचे अभिसरण रोखते, तर सैल लेन्स सरकत राहून घर्षण करते. डोळे कोरडे असणे, वारंवार रांजणवाडी होणे किंवा ॲलर्जी असणे या स्थितीत लेन्स टाळण्याचा सल्लाही मिळू शकतो.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत समाप्तीचा दिनांक आणि आयात केलेली असल्यास आयातदाराचे नाव व आयात परवाना क्रमांक पाहावा. सील तुटलेले वेष्टन स्वीकारू नये. पावती जपून ठेवावी. दुसऱ्याने वापरलेली लेन्स, मग ती मैत्रिणीची असो की पार्लरमधील, कधीही डोळ्यात घालू नये.

वापरताना

हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने कोरडे करूनच लेन्स हाताळावी. ती साजशृंगारापूर्वी घालावी आणि साजशृंगार उतरविण्यापूर्वी काढावी. लेन्स घालून झोपू नये. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने प्राणवायूचा पुरवठा आणखी घटतो आणि संसर्गाचा धोका अनेक पटींनी वाढतो. मासिक लेन्स दररोज ताज्या निर्जंतुक द्रावणात ठेवावी; जुन्या द्रावणात नवे मिसळू नये. लेन्सची डबी साधारणतः तीन महिन्यांनी बदलावी.

पाणी हा लेन्सचा मोठा शत्रू आहे. नळ, विहीर, नदी अशा सर्व पाण्यांत अकँथामिबा हा सूक्ष्मजीव आढळू शकतो. तो लेन्सखाली अडकल्यास होणारा संसर्ग अत्यंत वेदनादायक असतो आणि त्याचे उपचार कित्येक महिने चालतात. पाणी पिण्यास योग्य असले तरी ते निर्जंतुक नसते. म्हणून ग्वारीघाट किंवा तिलवाराघाट येथे नर्मदास्नान करण्यापूर्वी लेन्स काढून ठेवणे हिताचे आहे. लेन्स पाण्याने धुण्याचा किंवा थुंकीने ओली करण्याचा प्रकार पूर्णतः टाळावा.

अंधारात बाहुली मोठी होते आणि लेन्सचा रंगीत भाग तिच्या आड येतो. त्यामुळे दृष्टी धूसर होऊन समोरच्या दिव्यांची तिरीप जाणवते. रात्री दुचाकी चालविणाऱ्यांनी याची विशेष दखल घ्यावी. दीर्घकाळ वाचन करताना किंवा संगणकासमोर बसताना पापण्यांची उघडझाप कमी होते. म्हणून अभ्यासाच्या वेळी चष्माच श्रेयस्कर ठरतो.

लक्षणे दिसल्यास

लाली, वेदना, प्रकाश सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास लेन्स तत्काळ काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स व डबी सोबत न्यावी. त्यांच्या तपासणीतून जंतूंची ओळख पटू शकते. औषध दुकानातून परस्पर स्टेरॉइडयुक्त थेंब घेणे घातक आहे, कारण बुरशीजन्य संसर्ग त्याने बळावतो.

उपकरणांमुळे झालेल्या अपायांच्या नोंदीसाठी जुलै २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वय करतो. रुग्णालयांप्रमाणेच सामान्य नागरिकही त्यात माहिती देऊ शकतात. सदोष वस्तूबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कायद्याने उत्पादक, आयातदार आणि विक्रेता यांना जबाबदारीच्या कक्षेत आणले आहे. तथापि, परवाना क्रमांक न पाहता घेतलेल्या किंवा मैत्रीखातर उसनी घेतलेल्या लेन्सपर्यंत कोणताही निरीक्षक पोहोचू शकत नाही. तेथे ग्राहकाची सजगता हेच अखेरचे संरक्षण ठरते. डोळ्यांचा रंग एका समारंभापुरता बदलतो. दृष्टी मात्र आयुष्यभर सांभाळावी लागते.