गोविंदाच्या छिन्नीने सांगितलेलं वर्ष

मंदसोरजवळच्या सोंधनी गावात वालुकाश्माचे दोन प्रचंड स्तंभ आहेत. दोन्हींवर एकच संस्कृत प्रशस्ती कोरलेली. एका प्रतीचा बराच भाग नष्ट झालेला. राजाचं नाव यशोधर्मन. ब्रह्मपुत्रेपासून महेंद्र पर्वतापर्यंत आणि हिमालयापासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सामंत त्याच्यापुढे झुकले, असं ती सांगते. शिवाखेरीज कुणापुढेही मान न लववणारा हूण राजा मिहिरकुलसुद्धा त्याच्या पायांशी आला म्हणे. सगळं आहे, वर्ष तेवढं नाही.

कार्बन-१४ची कसोटी लाकूड, कोळसा, हाड अशा सेंद्रिय वस्तूंना चालते. दगड कधी कोरला, हे ती सांगत नाही. अक्षरांच्या वळणावरून फार तर शतक कळतं. इथे कामी आला कारागीर. प्रशस्तीच्या शेवटी कवी वासुल याच्यासोबत कोरणाऱ्याचंही नाव आहे: गोविंद. मंदसोरचाच आणखी एक शिलालेख आहे. दक्ष नावाच्या गृहस्थाने काका अभयदत्त यांच्या स्मरणार्थ विहीर बांधली, त्याची ती नोंद. तिथेही यशोधर्मनाचं नाव आहे, कोरणारा पुन्हा गोविंदच, आणि वर्ष स्पष्ट दिलेलं: मालव संवत ५८९. हाच पुढचा विक्रम संवत. ५७ वजा केले की इ.स. ५३२. अभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात हा धागा जुळवला. राजाच्या स्तुतीत अतिशयोक्ती असणारच. पण विहिरीच्या नोंदीत वर्ष खोटं लिहायला कुणाला काय कारण?

वर्ष कळलं, तरी कुळाचा वाद उरतो. जाट समाजात यशोधर्मनाला आपला मानणारे बरेच आहेत. चांद्र व्याकरण या जुन्या संस्कृत व्याकरणग्रंथात भूतकाळाचं एक उदाहरण आहे: जर्ताने हूणांना जिंकलं. ‘जर्त’ म्हणजे जाट, असा अर्थ काहींनी लावला. काही अभ्यासक तिथे ‘गुप्त’ असा पाठ घेतात. एका शब्दावर, त्यातही वादग्रस्त पाठावर, कुळ ठरवणं मला पटत नाही. दक्षाचा लेख मात्र राजवंशाला औलिकर म्हणतो. १९८३ मध्ये रिस्थलला मिळालेल्या मालव संवत ५७२च्या लेखात औलिकर प्रकाशधर्माने मिहिरकुलाचा पिता तोरमाण याला हरवल्याचं येतं. म्हणजे हूणांशी झुंज यशोधर्मनाच्या आधीपासूनच चालू होती. मी त्याला औलिकरच म्हणेन.

मंदसोरला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेलात, तर सोंधनीलाही जा. स्तंभावरच्या लेखाची शेवटची ओळ नक्की पाहा. तिथे गोविंदाचं नाव आहे.