डोंगरावरची थंडी आणि ओला बनियन

डिसेंबर उजाडला की नागपूरकरांना डोंगर खुणावू लागतात. कुणी रामटेकचा गड चढतो, कुणी पचमढीचा धूपगड गाठतो, तर बरेच जण चिखलदऱ्याला जाऊन कड्याकड्याने दिवसभर पायी फिरतात. चालायला हाच उत्तम काळ. मात्र ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे म्हणून थंडीकडे दुर्लक्ष करू नये. शरीर गारठायला बर्फ लागत नाही. पाच-दहा अंश तापमान, वारा आणि ओले कपडे एवढे पुरते.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे नागपुरात पारा १२ अंशांवर असेल, तर वर तो सातच्या आसपास असू शकतो. त्यात कड्यावर वाऱ्याला आडोसा नसतो.

चढताना घाम येतो आणि सुती बनियन भिजतो. चालत असेपर्यंत काही जाणवत नाही. डबा खायला किंवा फोटो काढायला थांबलो, की तोच ओला बनियन अंगातली उष्णता ओढून घेतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे. चढताना एक थर काढावा, थांबताच चढवावा. पिशवीत एक कोरडा बनियन आणि कानटोपी असू द्यावी.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते. मग बोटांनी बटण लागत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात, माणूस उगाच चिडतो. सोबतच्यांना वाटते, थकला असेल. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्तावला, तर तो सुधारलेला नसून बिघडलेला असतो. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे उतरवून कोरडे घाला, डोके झाका. पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका. दारू तर मुळीच नको. तिने उबदार वाटते, पण अंगातली उष्णता आणखी वेगाने निघून जाते. आणि १०८ ला फोन करा.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यातच चढ चढताना हृदयावर दुहेरी ताण येतो. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी सकाळची गोळी चुकवू नये आणि पहिला अर्धा तास सावकाश चालावे. चढावर छाती भरून आली, हात किंवा जबडा दुखला, तर ‘गॅस झाला’ म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बसावे आणि मदत मागवावी. थंडीत तहान कमी लागते, म्हणून ठरवून पाणी प्यावे.

सकाळी वाळलेल्या गवतावर आणि दगडांवर दव असते, तिथे पाय घसरतो. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दरीतले ऊन तर त्याआधीच जाते. मेळघाटात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. त्यामुळे कुठे जातो आणि केव्हा परतणार, हे घरी किंवा मुक्कामी सांगून निघावे. दुपारी दोन वाजले की, माथा गाठला असो वा नसो, परतीची वाट धरावी.