फिल्टर डोळ्याआड असावा, पण हाताशी

बागेत कोई माशांचा हौद बांधायचा ठरला की फिल्टर, मोटार आणि पाइप लपवायचे कुठे, हा प्रश्न लगेच निघतो. बहुधा खड्ड्यात टाकी ठेवून वर दगडमातीची टेकडी रचली जाते. परभणीच्या हवेत ही टेकडीच माशांच्या जिवावर उठते. कोई हा जपानमधल्या निगाताच्या डोंगराळ, बर्फाळ गावांत जोपासलेला रंगीत कार्प. परभणीत मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि माशाची गरज तर उन्हाबरोबर वाढत जाते. त्याच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनियाही पाणी तापले की जास्त विषारी होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांनाही प्राणवायू लागतो. गाळाने फिल्टर तुंबला की हे काम थांबते. म्हणून उन्हाळ्यात तो दर आठवड्याला उघडून धुवायला हवा, आणि जे उघडायला टेकडी उपसावी लागते, ते कुणी उघडत नाही.

मराठवाड्याच्या जुन्या बांधकामात याची जाण दिसते. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव जमिनीखाली आहे, पण तिच्या पायऱ्या माणसाला थेट पाण्यापर्यंत नेतात. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांना श्रमदानातून मोकळी करता आली, त्यात या रचनेचा वाटा मोठा आहे. हौदालाही हेच लागू करावे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेचार फूट खोल हौदात सुमारे १२,७०० लिटर पाणी मावते. त्यात सहा-सात मासे पुरेत. हौदाला लागून फिल्टरचे कप्पे बांधावेत, तळाच्या पाइपातून गाळाचे पाणी आपसूक तिथे यावे आणि तासाला सहा हजार लिटर उचलणाऱ्या पंपाने ते परत फिरावे. कप्प्यांवर एकट्याला उचलता येतील अशा शहाबादी फरशा टाकल्या की बसायला कट्टा होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि सिमेंटला तडे पाडते. म्हणून ती काढून मुरमापर्यंत जावे, आत शेततळ्यासारखे अस्तर घालावे.

फरशांच्या फटी दिसतात, ही तक्रार सोसण्यासारखी आहे. वीज जाण्याची शंका मात्र रास्त आहे. निदान हवेचा छोटा पंप तरी इन्व्हर्टरवर हवाच. सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा, आणि तो टाळता येत नाही. कडक उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडते, म्हणजे या हौदातून रोज नव्वदेक लिटर. शेडनेटने ते कमी होते आणि फिल्टर धुतलेले नायट्रेटयुक्त पाणी केळीला, मोगऱ्याला खतासारखे चालते, तरी भर घालावीच लागते. ज्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हौद बांधू नये.